शेरा

कंपनीच्या संघाने तक्ता पाठवलाय.
अकरा रकाने, दहापैकी गुण,
शेवटी एक लांबट चौकोन: शेरा.
कुमठा नाक्याकडच्या मैदानाच्या कट्ट्यावर बसलोय,
मांडीवर पॅड, डोक्यावर ओला टॉवेल,
टॉवेलच्या काठात कारखान्याचं नाव विणलेलं.
साडेसात वाजलेत, आणि मुरूम आत्ताच चटका देतोय.

श्रीकर गड्डम, वय सोळा.
आई विड्या वळते. बोटं तिचीच घेतलीत पोराने,
चेंडू असा फिरवतो की वाटतं, आता पानात गुंडाळून
दोरा बांधून हातात देईल.
हे कुठल्या रकान्यात बसतं?
मी लिहितो: ताबा, नऊ.
पास देणे, चार.
ओरडलं की म्हणतो, "चूसिन, सार."
पाहिलेलं असतं. दिलेलं नसतं.

मुबश्शिर नदाफ.
वय अर्जात पंधरा, दाखल्यावर चौदा,
मिशीवरून सतरा.
पळतो मात्र तिन्ही वयांचा मिळून.

गोलात इरण्णा हळकुडे.
पायाला एसटीच्या जुन्या सीटचा फोम,
वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या.
'न घाबरणे' असा रकाना नाही.
'प्रतिसादाचा वेग' आहे. सात.
खोडून आठ.

नववा रकाना मी नेहमी शेवटी भरतो.
'तीन वर्षांत अपेक्षित उंची.'
मी पहिल्यांदा सेंटिमीटरमध्ये लिहिली होती.
फोनवरचा पोरगा हसला, मग समजुतीने बोलला,
"सर, म्हणजे खेळाडू कुठवर जाईल. त्याचं छत कुठंय."
छत.
आमच्याकडे उन्हाळ्यात छतावर झोपतात,
हे त्याला सांगायचं राहून गेलं.

दोन वर्षांपूर्वी ह्याच रकान्यात
मुरलीधर दासरीला मी दहा दिले होते.
आयुष्यात एकदाच. पेन इतकं दाबलं
की खालच्या कागदावर, दुसऱ्याच पोराच्या नावापुढे,
दहाचा वळ उठला.
मुरली पुण्याला गेला. निळं टर्फ.
इथं मैदानावर पाणी मारतात धूळ बसावी म्हणून,
तिथं मारतात चेंडू पळावा म्हणून.
आठव्या दिवशी फोन आला,
"सर, इथं चेंडू उसळतच नाही ओ.
मी आपला उसळायची वाट बघत बसतो."
सोळा महिन्यांनी पत्र:
प्रगती समाधानकारक नाही.

आता अक्कलकोट रोडला डाईंगमध्ये आहे, रात्रपाळी.
सुटला की थेट इथं येतो,
कोपरापर्यंत हात कधी किरमिजी, आज मोरपंखी.
गोलामागे उभा राहून चेंडू परत फेकतो.
कुणी सांगितलेलं नाही.

आज मात्र तो आत आला. अनवाणी.
डाव्या बगलेला जाऊन उभा राहिला, नुसता,
जिथं कुणीतरी असायला हवं होतं तिथं.
"अबे गड्डम, बघ की बे!"
गड्डमने पाहिलं. ह्या वेळी दिलासुद्धा.
चेंडू खडीवर दोनदा उसळला,
मुरलीने तो असा थांबवला
जसं झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालतात.

चारचे सहा करावेत?
नाही केले. एका पासने काय होतं.

सत्त्याऐंशी साली रेल्वेच्या निवड समितीने
माझ्यापुढे लिहिलं होतं: बरा आहे.
त्या दोन शब्दांवर लोकोशेडात एकोणतीस वर्षं गेली,
मुलीचं लग्न झालं, दोन खोल्या झाल्या.

चौकोनात लिहितो:
आधी महिनाभर पाणी मारलेल्या मैदानावर नुसतं चालू द्या.
मग गुण द्या.
तिघांपुढेही तेच. अक्षर बिघडत जातं.

मुरली घाम पुसत शेजारी येऊन बसतो.
टॉवेल माझा, रंग त्याचा लागतो.
तक्त्याकडे बघत नाही. जरा वेळाने विचारतो,
"माझं काय लिहिलं होतं, सर, तवा?"

"बरा आहे, असं."

तो हसतो, खडा उचलून लांब फेकतो.
"मग बरोबरच होतं की."

नववा रकाना अजून कोरा आहे.
इरण्णा ओरडतोय, ट्यूबची पट्टी तुटली म्हणून.