चळी

मे महिना. पारा पंचेचाळीस.
भुईकोटाच्या बुरुजावरची तोफ उघड्या हाताने शिवली तर कातडं सोलतं,
आणि मी पाडलेला वैरी
बंद गिरणीच्या गोदामात कुडकुडत होता.

हसलेच मी. सात वर्षांच्या युद्धात
पहिल्यांदा पोट धरून.
सोलापुरात, मे महिन्यात, हुडहुडी!
त्यांच्या जगात म्हणे सूर्य दारातच उभा असतो,
शिसं ओढ्यासारखं वाहतं.
आमचं ऊन त्याला पहाटेएवढं.

पहारा माझा. राजमणी येमूल, तोफखाना तीन,
त्याआधी चार पिढ्या माग.
त्याचं नाव ओव्हेल. मी हाक मारायची, ए शेकोटी.
चादर दिली ती दयेनं नाही;
कैदी मेला तर अहवाल लिहावा लागतो
पाच प्रतींत.

चौथ्या दिवशी दंडावरचा काटा दाखवत त्यानं विचारलं,
याला काय म्हणता?
थंडी, मी म्हटलं.
दारातला बसण्णा म्हणाला, चळी.
आमच्या घरात चलि, तेलुगूत.
तो कितीतरी वेळ गप्प.
एवढ्या उन्हाच्या गावात
थंडीला इतके शब्द?
त्याच्या भाषेत एकही नव्हता.
त्यानं बसण्णाचा ठेवून घेतला.

मग एका रात्री, मी काही विचारलेलं नसताना,
त्यानं तारीख सांगितली. पहाटे चार बारा.
त्याच्या नकाशावर तो नुसता आकडा होता.
माझ्यासाठी अशोक चौक,
आमचा कारखाना,
मागापाशीच राहिलेला माझा भाऊ नरहरी.
तो मी होतो, म्हणाला.
मी चादर ओढून घेतली.

त्यानं मागितली नाही.
रात्रभर त्याचे दात वाजत राहिले,
खटक खटक, खटक खटक,
धोटा इकडून तिकडे जावा तसे.
आणि कसं सांगू, किती लाज वाटते सांगायला,
चार वर्षांत त्या आवाजाशिवाय मला झोप नव्हती,
त्या रात्री लागली.

पहाटे चादर परत घातली.
उलटी बाजू वर आली होती,
लाल होता तिथं पांढरा मोर.

पंचनामा मी नंतर वाचला.
मागच्या आसनावर त्याची बहीण होती.
नेम माझा होता.
तो महिनाभर हे जाणून
माझ्या हातची कडक भाकरी
चटणीत बुडवून खात आला होता.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे.
मी त्याला जेकार्डचे पुठ्ठे वाचायला शिकवले:
भोक म्हणजे धागा उचल,
नसेल तर राहू दे.
डोळे मिटून बोटांनी त्यानं अख्खा मोर वाचला,
तुऱ्यापाशी अडला,
मी त्याचं बोट धरून पुढच्या भोकावर ठेवलं.
हात तव्यासारखा. मला फोड आला.
आठ दिवस जपला मी तो फोड,
पाण्यात हात घातला नाही, भांडी बसण्णानं घासली,
एक शब्द न बोलता.

कैद्यांची अदलाबदल होटगीच्या धावपट्टीवर झाली.
त्यांनी आमचे अकरा दिले, आम्ही त्यांचे नऊ.
झडतीत शिपायानं विचारलं, चादर कुणाची?
माझी, तो म्हणाला. चक्क मराठीत.

वर्ष झालं. पुन्हा मे.
काल बुरुजावर मी एकटी, तोफेत गोळा भरलेला,
हिप्परग्याच्या बाजूनं एक दिवा आला,
खाली, फार खाली, कुणी शहाणा उडत नाही इतका खाली.
पेटला. विझला. पेटला, पेटला. विझला.
उचल. राहू दे. उचल, उचल. राहू दे.
मी ओठातल्या ओठात मोजत गेले
आणि तुऱ्यापाशी
तो अडला.

तारयंत्रावर साहेब ओरडत होते, येमूल, काय दिसतंय?

निरभ्र आभाळ. चांदण्या मोजून घ्याव्यात असं.
मी नोंदवहीत लिहिलं: ढग.