आतली कड

बाहेरून बघितलं तर टायर नवाच वाटतो.
खाचा खोल, कडेचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत.
हैथमनं बोट लावून तेच दाखवलं मला.
"फक्त आवाज येतोय, सदीक.
ऐंशीच्या वर गेली की गुणगुणते."

वादी कबीरमध्ये दुपारी दोनला
पत्र्याच्या शेडखालीही पाना हातात धरवत नाही.
गाडी इतकी बसकी की जॅकचं तोंड शिरेना;
चाकांपुढं फळ्या टाकल्या, त्यावर चढवली,
मग कुठं लिफ्टचे हात तिच्या पोटाखाली गेले.

वर गेली तसा तळहात फिरवला.
एका अंगानं गुळगुळीत,
उलट्या अंगानं करवत.
आणि अगदी आतल्या कडेला,
जिथं मालक कधी वाकून बघत नाही,
तारा निघालेल्या.
माझ्या बोटाला रक्त.
हैथम खाली बसून बघतच राहिला.

कुरुंदवाडला एस.टी. स्टँडच्या भिंतीला टेकून
बाप चपला सांधायचा.
गिऱ्हाईक काय सांगतंय ते ऐकायच्या आधी
चप्पल उलटी करायचा.
"ह्यो उजव्या खांद्यावर वझं वाहतोय."
"हिचा गुडघा दुखतोय, पर बोलंना."
मी निघालो त्या पहाटे माझाही बूट उलटा केला.
काही बोलला नाही.
आतल्या बाजूला चामड्याची पट्टी ठोकली,
चार खिळे,
आणि पाचवा ओठांत तसाच राहिला.

चारही चाकांना पाट्या लावल्या,
पडद्यावर आकडे उमटले, सगळे लाल.
कॅम्बर उणे चार. टो बाहेर, दोन्हीकडं.
हैथम आधीच म्हणाला, वर उचलायची नाही.
ईदला नव्या स्प्रिंगा घातल्यात,
गुरुवारी बहिणीचं लग्न, बरकापर्यंत वरातीच्या पुढं हीच,
आणि माबेलाची सगळी पोरं बघणार.

मोडक्या अरबीत, हिंदीत, उरलेलं हातांनी सांगितलं त्याला:
कललेलं चाक इतकं झिजत नाही रे.
कलून का होईना, ते पुढं तरी जातं.
खाऊन टाकतं ते वेगळंच:
तोंड एकीकडं आणि जाणं दुसरीकडं.
ही दोघं बघ, एकमेकांपासून फटकून निघालेली,
आणि गाडी त्यांना सरळ ओढत नेते निझवापर्यंत,
प्रत्येक फेऱ्यात केसभर आडवं घासत.
तुला फक्त गुणगुण ऐकू येते.

हैथम हसला.
"मग तुझं तोंड कुठं, सदीक?"
मी टाय रॉडचा नट सोडवत होतो.
गंजला होता, जोर लावावा लागला.

पाव फेरा डावीकडं. थोडं मागं.
उजवीकडं अर्धा, पुन्हा पाव.
टो हिरवा झाला.
कॅम्बर लालच ठेवला.
उस्ताद गुल जमाननं चष्म्यावरून बघितलं,
"हे तसंच सोडलंस?"
पावतीवर लिहिलं: गिऱ्हाइकाच्या मर्जीनं.
पुढं दोन नवे टायर घातले, जुने मागच्या ढिगावर,
नवी बाजू वर.

रस्त्यावर नेली. साठला, ऐंशीला
स्टीअरिंगवरून दोन्ही हात उचलले.
डोंगर उजवीकडं, डावीकडं टाक्या, धुरळा.
कुठंही न ओढता ती सरळ चालली,
कलत्या पायांनी,
तोऱ्यात.
हैथम शेजारी बसून मोबाईलवर शूटिंग करत होता
माझ्या रिकाम्या हातांचं.

कंपनी दर जूनला नवे बूट देते.
चौदा जोड झाले.
जुने टाकायच्या आधी मी एकदा उलटे करतो,
सवय म्हणून.
दर वर्षी तीच कड.

बापाला परवा फोनवर सांगितलं.
तिकडं बराच वेळ हातोडीचा आवाज येत राहिला.
मग म्हणाला,
"पट्टी हाय का अजून?"