बारा शब्द

केतकी मॅडम बारा शब्द वाचतात.
एकदाच, सपाट आवाजात, रेशनची यादी वाचावी तसे:
कंदील, मेंढी, लिंबू, पायरी, दोरी, मामा…
मग पेनाचं टोपण काढून माझ्याकडे बघतात.
मी चार सांगतो.
पाचवा ओठापर्यंत आलेला असतो,
पण तो बहुतेक मागच्या महिन्याचा.

हे आवाजांचं औषध नव्हे.
आवाजांची गोळी वेगळी, पांढरी, रात्रीची.
तिनं नऊ वर्षांपूर्वी त्यांना आळीबाहेर काढलं.
ते होते तेव्हा तांबट आळीत
हातोडीचा प्रत्येक ठोका माझं नाव घ्यायचा,
शेजारच्या वडक्यांची हातोडीसुद्धा.
आता ठोका म्हणजे ठोका.
दिगंबर बरा झाला म्हणून
कुंदाच्या भावानं पेढे वाटले.

पण घंगाळ करायला बसलो की
पत्रा कापला, गोल केला, ठोकला,
आणि मग?
आधी तापवायचा की आधी चिंचेच्या पाण्यात?
बाबांनी हे कधी शिकवलं नव्हतं,
बघून बघून हातात आलं होतं
आणि हातातनंच गेलं.
पत्रा मांडीवर घेऊन तास तास बसायचो.
गिऱ्हाइकं म्हणायची, आळशी झाला.
आळस मला ठाऊक आहे, रविवारी जेवणानंतर येतो.
हा तो नव्हे.

डॉक्टर गुर्जर म्हणाले,
आवाज, संशय, यांना आम्ही आवरू शकतो.
लक्ष, आठवण, कामाचा क्रम,
तिथं आमचीही अजून चाचपडच आहे.
डॉक्टर असं बोललेला मी पहिल्यांदा ऐकला.
म्हणून सही केली.
सोळा पानं होती. चार दिवस लागले.
पाचव्या पानावर पहिलं पुसलं जायचं.
बारा आठवडे, पिवळी गोळी, नाश्त्यानंतर.
बाटलीवर नाव नाही, आकडा: शून्य सतरा.
आत औषध की नुसती पिठी
हे मला कळू द्यायचं नाही, आणि त्यांनाही.
कुंदा म्हणाली, म्हणजे आपल्या लग्नासारखंच.

आठव्या आठवड्यात, नळ स्टॉपवरून परतताना
कंडक्टरनं विचारलं, कुठं?
कंदील, मी म्हणालो.
तो बघत राहिला.
मेंढी. दोरी. पायरी.
एकामागून एक येत होते, बोलावल्याशिवाय,
तपासणी संपून पाऊण तास झाल्यावर.
काका, कसबा का मनपा?
कसबा, मी म्हणालो, आणि सुट्टे दिले, बरोब्बर.

शेवटच्या दिवशी सात आले.
मॅडमचं पेन जरासं थांबलं.
सात म्हणजे चांगलं का?
डॉक्टर म्हणाले, सरावानंही वाढतात,
एकट्या माणसावरून काही म्हणता येत नाही.
उरलेल्या गोळ्या मोजून परत घेतल्या. दोन होत्या.
त्या दोन दिवशी काय केलं,
मला आठवेना.

घंगाळ मात्र झालं.
तापवून, चिंचेत, पुन्हा तापवून,
मग मठारकाम, काठापासून बुडापर्यंत,
ओळीला ओळ लागून,
आणि शेवटची ओळ फिरून जिथं सुरू झाली
तिथंच येऊन बसली, केसाचीही फट नाही.
हे कुठल्या फॉर्मवर विचारलेलं नव्हतं.
कल्हई विसरलो. ती वडक्यांनी करून दिली.

काल कुंदानं तीन जिन्नस सांगितले:
रवा, काडेपेटी, कपड्यांचा साबण.
मंडईत जाऊन मी लिंबं आणली. सहा.
ती काही बोलली नाही.
एक चिरलं, मीठ लावलं,
आणि डागाळलेल्या घंगाळावर घासायला बसली.
काळ्याखालून तांबडं वर येत गेलं,
तिच्या मनगटापर्यंत त्याचा उजेड.
हे आणायला कुणी सांगितलं होतं? तिनं विचारलं.
यादीत होतं, मी म्हणालो.