कामकाजातून वगळावे

मी या काउंटीची लघुलेखक.
नॉर्थ डकोटाच्या या कोर्टात एकवीस वर्षं
न्यायाधीश ब्रेक्के यांच्या खुर्चीखाली बसते,
गुडघ्यांमध्ये यंत्र,
आणि चेहरा असा, की कुणाला त्यातलं काही वाचता येऊ नये.

मार्लिस त्वेइट साक्षीला बसली तो मंगळवार होता.
बाहेर उणे एकोणीस. रेडिएटर ठकठकत होता,
ते मी टिपत नाही.

तिचा नवरा ऑरिन चार नंबरच्या कोठारात उतरला होता,
गव्हाचा धरलेला थर फोडायला,
आणि खालचा पट्टा कुणीतरी सुरू केला.
सोळा मिनिटं.
ती म्हणाली, आधी हातमोजा दिसला.
मी टिपलं: आधी हातमोजा दिसला.

मग कंपनीचे वकील उठले, थॅडियस कोल्ब.
सावकाश. चष्मा पुसत.
"बाईसाहेब, तुमच्या बोटातली ही अंगठी कुणाची?"

हरकत. मान्य.
कायदा याबाबत सरळ आहे:
मेलेल्याची भरपाई मोजताना
मागे राहिलेलीचा नवा संसार त्यातून वजा करायचा नसतो.
न्यायाधीश ज्युरीला म्हणाले, हा प्रश्न तुम्ही ऐकलाच नाही.
नऊ माना हलल्या,
आणि नऊ नजरा तिच्या डाव्या हातावर गेल्या.
दहावी माझी.

जेवणानंतर पुन्हा: "हल्ली आडनाव काय लावता?"
हरकत. मान्य. वगळावे.
आता गंमत अशी, की जे वगळा म्हणतात
ते माझ्याकडे अक्षरन् अक्षर राहतं,
खाली वगळण्याचा हुकूम, तोही शाबूत.
आणि ज्यांच्यासाठी वगळायचं
त्यांच्या डोक्यात खोडायला कुठली कळ असते?

शेवटच्या भाषणात कोल्ब कठड्याला टेकून म्हणाले,
"रिकाम्या घराबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलंत.
ते किती रिकामं आहे,
हे सांगायची मला मनाई आहे."

या वेळी हरकत आली नाही.
तिची वकील लिनिया फॉस, दुसराच खटला तिचा,
खुर्चीतून अर्धी उठली, आणि बसली.
अर्धं उठणं माझ्या यंत्रात बसत नाही.

चाळीस मिनिटांत निकाल: कंपनीचा दोष नाही.

मार्चमध्ये नव्या खटल्याचा अर्ज आला.
कोल्ब म्हणाले, दोनदा बोललो, दोनदा ताकीद मिळाली, विषय संपला.
तिसऱ्यांदा कुणी हरकतच घेतली नाही.
गप्प बसणं म्हणजे कबुलीच.
मला पान दोनशे चौदा वाचायला सांगितलं.
मी वाचलं, पीठ चाळल्यासारखं, सपाट आवाजात.
खरंच, कागदावर त्यात काहीच नव्हतं.
एक सभ्य माणूस, एक सभ्य वाक्य.

ब्रेक्के बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले.
मग म्हणाले,
"मिस्टर कोल्ब, मी इथंच बसलो होतो.
प्रत्येक वेळी तुम्ही आधी चष्मा पुसलात,
ज्युरीला तिचा हात पाहायला वेळ मिळावा म्हणून.
हरकत राहून गेली, ती चूक मिस फॉस यांची.
बाकी सगळं तुमचं.
निकाल रद्द. खटला नव्यानं चालेल."

आणि तो चष्मा
त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कागदावर आला,
कारण आता तो कुणीतरी मोठ्यानं बोललं होतं.

मला वाटलं होतं, मार्लिस रडेल, किंवा हसेल.
ती व्हरांड्यात कोटाची बटणं लावत होती,
एक चुकलं, पुन्हा वरून सुरुवात केली.
"म्हणजे मला परत सांगावं लागणार?"
हो, लिनिया म्हणाली.
"सगळं? हातमोज्याचंसुद्धा?"
हो.

"पुन्हा सांगताना तसंच सांगता येत नाही,"
ती कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली.
"मला ते आता पाठ झालंय.
नव्या लोकांना वाटेल, पाठ केलंय."

कामकाज केव्हाच तहकूब झालं होतं.
यंत्र पेटीत, पेटी माझ्या खांद्याला.
कोटाच्या खिशात बोटं मात्र
तिचं वाक्य टिपत होती.