चित्र क्रमांक सतरा

नगरपालिकेच्या कागदात काम एका ओळीचं होतं:
बेकरीची उत्तर भिंत, मेंढपाळ, उजवा हात गळालेला,
भरून काढणे.
परांचीचं भाडंही धरलं होतं. लागली नाही.
गेलेला भाग माझ्या छातीइतक्याच उंचीवर.

सार्डिनियाच्या पोटात, डोंगराला पाठ टेकून बसलेलं ओरुले.
घराघराच्या भिंतीवर कुणीतरी उभं आहे:
कुठे खाणीतला संप, कुठे लग्न,
आणि चौकात, लष्कराने कुरण मागितलं तेव्हा
रस्त्यावर आडवं झोपलेलं अख्खं गाव
मेंढ्यांसकट.

सतरा नंबरवर बाकीझिओ.
हयातीत होता त्याच्या दीडपट,
काळी टोपी, मखमली कोट,
डोळे असे, की जुनी उधारी मागायला आलाय.
उजव्या कोपराखाली नुसता चुना.

मी सहज विचारलं, हातात काय होतं?
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काठी, म्हणाले बोबोरेकाका,
मेंढपाळाच्या हातात दुसरं काय, सासूचं पत्र?
बंदूक, म्हणाला प्रेदू, आणि ती खरवडली,
कुणी ते सगळ्यांना ठाऊक आहे.
तो समोरच्या बाल्कनीकडे बघत राहिला
आणि बाल्कनीने खिडकी लावून घेतली.
पाद्री म्हणाले, जपमाळ.
कुणी हसलं नाही. कुणी मानही डोलावली नाही.
शाळेतल्या बाईंकडे फोटो होता,
फोटोत नेमकी हाताच्या जागी
कुणाची तरी फियाट उभी.

चार दिवस मी चुना मळत राहिले.
लोक संध्याकाळी चीज आणून देत,
पापडासारखी कडक भाकर आणून देत,
आणि मत.

पाचव्या दिवशी बोनारिया आली, चित्रकाराची बहीण,
नव्वदी कधीच ओलांडलेली, खुर्ची स्वतःची स्वतः घेऊन.
हात होताच कुठे, म्हणाली.
आमच्या नेनार्दूला मेंढ्या यायच्या, डोळे यायचे,
ढग तर झोपेत काढायचा.
बोटांपाशी घोडं अडायचं.
बटाट्याची मुळं काढलीस, असं वडील एकदा म्हणाले,
तेव्हापासून ज्याचा त्याचा हात खिशात.
जा, बघून ये गावभर.

रात्री बॅटरी घेऊन फिरले.
संपवाल्यांचे हात पाठीमागे.
नवरीचे फुलांच्या गुच्छात.
रस्त्यावर झोपलेल्यांचे डोक्याखाली, उशीसारखे.
सव्वीस भिंती, एक बोट नाही.
आणि मी पदवीच्या प्रबंधात चार पानं लिहिली होती,
'लपवलेले हात: बेटाचं मौन'.
परीक्षकांना फार आवडली होती ती पानं.

मग खिसा तरी कुणी नेला?

सकाळी सहाला बेकरी उघडते.
गल्ली तिथे चढाची, पायरी गुडघ्याइतकी.
बोबोरेकाका आले, तळवा भिंतीला टेकला, पाय उचलला, आत गेले.
प्रेदू आला, टेकला, उचलला, गेला.
बाल्कनीतली बाई आली, तिनेही तिथेच.
दप्तरवाली पोरं, पोटुशी फार्मासिस्ट, कालच गावात आलेला
सेनेगलचा छत्र्या विकणारा,
कुणी न बघता, कुणी बोलता बोलता,
पन्नास वर्षं, रोज,
पावाआधी एकदा.

म्हणजे गळाला नव्हता.

कडा तेवढ्या बांधून घेतल्या, चुना पुढे झडू नये म्हणून.
अहवालात लिहिलं:
उजवा हात भरण्याची गरज नाही. वापरात आहे.

बिल अजून अडकलंय.
प्रेदू म्हणतो, बंदूक काढली असतीस
तर लगेच मिळालं असतं.