दुसऱ्यातून तिसऱ्यात

थंड असते तोवर गुणी असते.
सकाळी सहाला मानेवाड्यातून निघताना
कोणी म्हणणार नाही हिच्यात काही बिघाड आहे.
छत्रपती चौक येईस्तोवर तेल तापतं
आणि मग दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
एक क्षण काहीच नसतं,
इंजिन ओरडतं, चाकं ऐकत नाहीत,
आणि मागून कोणी लाथ घालावी तसा
धक्का.

मागे अकरा कूलर.
पत्र्यावर पत्रा आपटतो,
वाळ्याच्या ताट्यांचा भुसा उडतो,
सिग्नलवरचा माणूस आधी गाडीकडे बघतो,
मग चालवणाऱ्या बाईकडे,
मग त्याला सगळं समजल्यासारखं होतं.

बाबा डावीकडे बसतात.
एकतीस वर्षं एसटी, गणेशपेठ डेपो.
धक्क्याच्या अर्धा श्वास आधी
त्यांचा डावा पाय खाली जातो
रबरी मॅटवर, जिथे काहीच नाही.
मॅट तिथे घासून पांढरी पडली आहे.

"काहून वं, हिला क्लच नाई म्हनतं ना तू?"
नाही बाबा.
"मंग कोन दाबते?"
आतल्या आत दाबलं जातं.
"कोन पन?"

घाट रोडच्या गुलशेर मिस्त्रीने
खालचा बोल्ट ढिला करून बोटावर तेल घेतलं.
लाल असायला हवं होतं.
काळं निघालं,
बुडाला लागलेल्या तुरीच्या डाळीचा वास.
"ताई, तेल बदललं तर सुधरेल,
नाही तर उभीच राहील.
झिजून झिजून जे काळं झालं ना,
कधी कधी तेच धरून असतं."
हे त्याने हात पुसत इतक्या सहज सांगितलं
की मी घरी येऊन आईला तसंच्या तसं सांगितलं
आणि आई भाजी निवडायची थांबून
कितीतरी वेळ बाबांकडे बघत राहिली.

अजून एक म्हणाला:
ही गाडी पाय शिकते.
चालवणारा किती दाबतो, कुठे सोडतो,
किती घाईत असतो, सगळं आत ठेवते.
मार्चमध्ये घेतली मी,
वणीच्या एका कोळसा ठेकेदाराकडून.
हप्ते माझे. आरसीवर नाव माझं.
आत अजून त्याचा पाय.

तेलाला हात न लावता त्याने बॅटरी काढली
आणि चहा मागवला.
"विसरू द्या तिला जरा."
अर्ध्या तासाने तारा जोडल्या.
"आता पन्नास किलोमीटर हळू.
एकाच माणसाने चालवायची.
जो चालवेल, त्याची होईल."

पहाटे चारला किल्ली घेऊन खाली आले
तर बाबा आधीच बसलेले, उजवीकडे.
पायात ड्युटीचे बूट, पॉलिश केलेले.
मी काही बोलले नाही.
वळसा घालून डावीकडून चढले.

उमरेड रोड मोकळा होता.
डावा पाय त्यांनी दुमडून घेतला
पंगतीत बसल्यासारखा.
प्रत्येक गिअरच्या आधी हळूच म्हणायचे, "आता."
कधी गाडी आधी जायची, कधी शब्द.
विहीरगावच्या पुढे कधीतरी
दुसऱ्यातून तिसऱ्यात: "आता"
आणि ती गेली.
धक्का होता, पण दार उघडं आहे हे माहीत असून
कडी वाजवावी तेवढाच.
पाचगावला चहा प्यायलो.
बाबांनी बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला,
तरी काढला नाही.

आता मे. शेहेचाळीस.
बाबांचा डोळा ऑपरेशनचा, हिरवी पट्टी, घरी बसून
ताट्यांचे गठ्ठे मोजतात आणि चुकतात.
गाडी मीच चालवते.
तेल अजून तेच आहे, काळं,
आणि तिसरा गिअर थोडा उशिरा पडतो.
बिघाड म्हणा हवं तर.
कोणी काही म्हणेल याची वाट बघितल्यासारखी
ती जराशी थांबते,
मागचा पोट्टा हॉर्न वाजवून राहतो,
आणि मी आरशात बघून म्हणते,
थांब ना बाप्पा,
तशीच शिकली आहे ती.