वीस नंबरचं सूत

पहिल्यानं बॉनेट उघडायच्या आधीच आकडा सांगितला.
दुसऱ्यानं फोटो काढून मेहुण्याला पाठवला.
तिसरा म्हणाला, विकता का?
चार महिने ती लाल, दोन दारांची, पासष्ट सालची
होटगी रोडच्या शेडमध्ये
चादर पांघरून खोकत राहिली.

साखर पेठेत चिलवेरी आहे, कुणी म्हटलं.
बोर्ड नाही. आधी मागावर जॉबर होता.

चहा संपेपर्यंत तो नुसता इंजिन ऐकत बसला.
"असली गाडी मी कधी उघडली नाही.
हात सावकाश चालेल. थांबायचं तर थांबा."
थांबले.
भिंतीपलीकडे माग खटखटत होते.

कार्बोरेटरच्या जेटमधून चिमट्यानं
त्यानं काहीतरी ओढलं, उन्हात धरलं,
दोन बोटांत पीळ उलगडला.
"वीस नंबर. टॉवेलचं सूत.
वेस्टनं पुसलं, आणि तसंच बसवलं."
कुणी, ते नाही विचारलं.

एकशे ऐंशी रुपये.
शिवाय काडेपेटीत एक वॉशर:
"तुमचाच आहे. कुठला, ते अजून कळलं नाही मला.
गुरुवारी बघतो."

गाडी सुरू होती, एका लयीत.
तरी किल्ली त्याच्या खिळ्याला अडकवून
मी रिक्षानं घरी आले.